परभणीहून परदेशी: लेकरांना घेऊन पहिल्यांदा निघताना

आमच्या गल्लीत कुणाचं परदेशाचं तिकीट निघालं की संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर कुणीतरी येऊन बसतं. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, लेकरू विमानात रडलं तर काय करायचं?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. विमानाची काळजी सगळ्यात शेवटी करा.

मी दोनदा लेकरांना घेऊन गेले. पहिल्यांदा थोरलीला घेऊन बहिणीकडे दुबईला. दुसऱ्यांदा साडेचार वर्षांची थोरली, चौदा महिन्यांचा धाकटा आणि सासूबाई अशा आम्ही चौघं दिराकडे फ्रँकफर्टला. यांना रजा मिळाली नव्हती. परभणीच्या घराचं दार ओढून घेतल्यापासून दिराच्या घरी चपला काढेपर्यंत साधारण ३१ तास गेले, आणि त्यातले विमानातले होते जेमतेम ९. मुंबई-पुण्याच्या लोकांनी दिलेले सल्ले त्या ९ तासांचे असतात. उरलेले २२ तास आपले आपल्यालाच निभवावे लागतात, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

सुरुवात जन्मदाखल्यापासून

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळे लेकराची जन्मनोंद आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, सासरच्या गावात नसते. दाखला घाईत काढलेला असतो, बारसं व्हायचं असतं, म्हणून नावाचा रकाना रिकामा राहतो. आईच्या नावापुढे कुणी माहेरचं आडनाव लिहितं, कुणी सासरचं. बालवाडीच्या प्रवेशाला हे सगळं चालून जातं, पासपोर्टला चालत नाही.

दाखला काढून आजच समोर धरा आणि चार गोष्टी तपासा. लेकराचं पूर्ण नाव आहे का? आई-वडिलांची नावं त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर किंवा आधारवर आहेत तशीच, त्याच इंग्रजी स्पेलिंगने आहेत का? तारीख बरोबर आहे का? दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे का? नाव घातलेलं नसेल तर जन्मापासून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. पहिल्या वर्षात विनाशुल्क, नंतर थोडं विलंब शुल्क भरून. स्पेलिंगची दुरुस्ती जास्त वेळ खाते. थोरलीच्या दाखल्यावर माझं घरातलं लाडाचं नाव लागलं होतं. ते बदलायला मला माहेरी तीन खेपा कराव्या लागल्या आणि दीड महिना गेला. तिकीट आधी काढलं असतं तर पैसे बुडाले असते.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तुमचं लेकरू लहान आहे म्हणजे बहुधा ते याच नियमात बसतं.

लेकराचा पासपोर्ट

अगदी तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर बाळाचं नाव चढवायचं, हा जुना काळ संपला. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी साइटवर किंवा ॲपवर भरा. साइटच्या पत्त्यात शेवटी "गव्ह डॉट इन" आहे ना, हे नक्की बघा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत आणि त्या जास्तीचे पैसे घेतात. छत्तीस पानी पासपोर्टची फी लहान मुलांना १,००० रुपये आहे आणि आठ वर्षांखालच्यांना त्यात १० टक्के सूट मिळते. मुदत पाच वर्षांची. मोठ्यांसारखी दहा वर्षांची मिळत नाही, त्यामुळे दुसरीतिसरीत गेल्यावर तो पुन्हा काढावा लागणार हे धरून चला.

पासपोर्टसाठी आता मुंबई-नागपूर गाठायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरला, नांदेडला पोस्ट ऑफिसातच पासपोर्ट केंद्र आहे. दिलेल्या वेळेला लेकराला सोबत न्यावं लागतं. दोन्ही पालकांच्या सह्यांचं ॲनेक्शर डी (संमतीच्या घोषणापत्राचा ठरलेला नमुना), दोघांचे मूळ पासपोर्ट असतील तर ते, त्यांच्या स्वतः सही केलेल्या प्रती, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा इतकं फाइलमध्ये हवं. एका पालकाची सही मिळणारच नसेल तर ॲनेक्शर सी असतं. आई-वडिलांचे पासपोर्ट नसतील तर आधी तुमचे काढा. ते हातात असले की लेकराचं काम बरंच सोपं होतं.

चार वर्षांखालच्या लेकराचा फोटो घरूनच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. फोटोच्या दिवशी काजळ घालू नका, गालावर तीट लावू नका, कपाळावर गंध नको. आजी रागावतील, पण त्यांना सांगा की घरी आल्यावर मोठी लावू. डोळे उघडे आणि चेहरा समोर हवा, धरणाऱ्याचा हात दिसायला नको. आम्ही धाकट्याला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढला. स्टुडिओतल्या खुर्चीवर अर्धा तास जे जमलं नव्हतं, ते पाच मिनिटांत झालं.

मे महिन्यातली वेळ घेणार असाल तर सकाळची पहिलीच घ्या. उन्हात रांगेत लेकरू तापतं, आणि मग त्या दिवशी काहीच धड होत नाही.

व्हिसा, आणि एकटीने जाणाऱ्या आईचं पत्र

लेकराला व्हिसाही वेगळा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांची (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट, जर्मनी त्यातच येतं) फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि सहा वर्षांखाली काहीच नाही. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा मात्र लेकराचाही काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. सुट्ट्यांच्या हंगामात मुंबई-पुण्यात वेळच मिळत नाही, म्हणून आपल्याकडच्यांनी अडीच-तीन महिने हाताशी ठेवावेत. दुबईचं सोपं आहे. कागद ऑनलाइन जातात, कुठे जावं लागत नाही. कोणत्याही देशाचा नियम मात्र तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत साइटवरच वाचा. भाऊजींच्या मित्राने मागच्या वर्षी काय केलं, त्यावर विसंबू नका.

पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने शिल्लक हवी, असं पुष्कळ देश मागतात. लेकराचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असल्याने घोटाळा बहुतेक वेळा त्याच्याच बाबतीत होतो.

आई किंवा वडील यांपैकी एकजणच लेकरांना नेत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र सोबत ठेवा. आम्ही ते इंग्रजीत लिहून नोटरी केलं: कोण, कुणाबरोबर, कुठे, किती दिवसांसाठी जात आहे, आणि वडिलांचा फोन नंबर. त्याला यांच्या पासपोर्टची प्रत आणि मुलांचे जन्मदाखले जोडले. फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याने विचारलं, "मुलांचे वडील कुठे आहेत?" मी पत्र पुढे केलं, त्याने वाचलं आणि शिक्का मारला. पत्र नसतं तर दोन झोपाळू लेकरं काखेत घेऊन मी काय सांगत बसले असते कोण जाणे. कॅनडा तर असं पत्र जवळ ठेवायला स्पष्टच सांगतो.

तिकीट काढताना

दोन वर्षांखालचं लेकरू मांडीवर बसतं. त्याचं परदेशाचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर, इतकं असतं. पण वय प्रवासाच्या प्रत्येक दिवशी मोजतात. जाताना बावीस महिन्यांचं असलेलं लेकरू परतताना दोन वर्षांचं झालं, तर परतीला त्याला पूर्ण जागा घ्यावी लागते. वाढदिवस कधी येतो ते आधी बघा आणि मग परतीची तारीख ठरवा. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच लेकरू. जुळी असतील तर दोन मोठी माणसं हवीत, आणि दोघांना वेगवेगळ्या ओळीत बसवतात, कारण वरून पडणारा ऑक्सिजनचा मास्क प्रत्येक ओळीत एकच जास्तीचा असतो.

समोरच्या भिंतीला टांगायचा पाळणा, ज्याला बॅसिनेट म्हणतात, तो फक्त पहिल्या काही ओळींत असतो आणि थोडेच असतात. नुसतं तिकीट काढून तो मिळत नाही, विमान कंपनीला फोन करून मागावा लागतो. तिकीट काढून देणाऱ्याने "मी टाकलंय" म्हटलं तरी स्वतः फोन करा. माझ्या बाबतीत त्याने टाकलेलं नव्हतं. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. गुटगुटीत लेकराच्या आईने ती आधीच विचारावी.

जेवणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी जेवण असा आपला समज असतो. तसं नाही. त्यात बीफ नसतं, पण कोंबडी, मासे, मटण असू शकतं. शाकाहारी घरांनी "एशियन व्हेज" मागावं, ज्याचा कोड एव्हीएमएल असतो, किंवा जैन जेवण मागावं. लहान मुलांच्या जेवणातही मांस असतं, तेव्हा तेही विचारून घ्या. निदान २४ तास आधी सांगावं लागतं.

आता तारखेचा गोंधळ. मुंबईहून बरीचशी परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे २ असं असेल तर तुम्हाला ११ च्या रात्री विमानतळावर असायचं आहे. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो आणि घरातली मोठी माणसंही "बाराच्या रात्रीचं विमान" असंच म्हणतात. त्यातून १२ च्या रात्री सामान घेऊन पोचलेलं एक कुटुंब मी ओळखते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११ तारखेलाच लाल गोल करा. आणि तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, आणि तिथून सहारच्या जुन्या विमानतळापर्यंत लेकरांसह धावाधाव करणं शक्य नाही.

मध्ये विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा आणि मध्ये अडीच ते चार तास हवेत. कमी असतील तर लेकरू उचलून पळावं लागतं, आणि जास्त असतील तर ते कंटाळून जमिनीवर लोळायला लागतं. पैसे थोडे जास्त गेले तरी थेट विमान मिळत असेल तर तेच घ्या. लेकरं लहान असताना मी दुसरं काही सुचवणार नाही.

मुंबई की हैदराबाद?

हा आपल्या मराठवाड्याचा खास प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जिल्ह्याप्रमाणे बदलतं. नांदेड, देगलूर, उदगीर, किनवट या बाजूच्यांनी आधी हैदराबादहून विमान बघावं. नांदेडहून हैदराबाद रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. आखाती देशांची विमानं शमशाबादहून, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावरून, भरपूर आहेत. जालना आणि संभाजीनगरकरांना मुंबईच बरी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून रस्त्याचे तास कमी झालेत. पण समृद्धीवर हॉटेलं आणि स्वच्छतागृहं विरळ आहेत. जिथे दिसेल तिथे गाडी थांबवा, "पुढे बघू" म्हणू नका. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून मुंबईला विमानही आहे. ते घेतलंत तर पुढच्या विमानाच्या आधी बरेच तास मोकळे ठेवा, कारण दोन वेगळी तिकिटं असली तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी देवगिरी, तपोवन, जनशताब्दी आहेत, आणि आता नांदेडहून निघणारी वंदे भारतही आहे. रात्रीच्या विमानाला वंदे भारत चांगली पडते, कारण ती पहाटे निघून दुपारी मुंबईत पोचते. लातूरकरांना त्यांची लातूर-मुंबई आहे. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. दुबईच्या वेळी आम्ही रात्रीची गाडी धरली होती. ती तीन तास उशिरा आली आणि विमान दुपारचं होतं. माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. तेव्हापासून माझा नियम एकच: गाडीची पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यांत निदान दहा तास हवेत.

ते दहा तास स्टेशनच्या बाकावर काढू नका. फ्रँकफर्टच्या वेळी आम्ही विमानतळाजवळ अर्ध्या दिवसासाठी खोली घेतली. लेकरांना कोमट पाण्याने अंघोळ घातली, वरणभात खाऊ घातला आणि सहा ते दहा झोपवलं. सासूबाईंनी पाय पसरले. साडेदहाला विमानतळावर पोचलो तेव्हा सगळे ताजे होते. सगळ्या प्रवासात मी खर्च केलेल्या पैशांपैकी हे पैसे सगळ्यात चांगले लागले.

निरोप घरीच घ्या. आपल्याकडे क्रूझर भरून माणसं विमानतळापर्यंत पोचवायला येतात, माया असते त्यांची. पण तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत आणि दाराशी आजोबा मागे राहिलेले बघून लेकरू जो हंबरडा फोडतं तो सुरक्षा तपासणीपर्यंत थांबत नाही. थोरलीच्या पहिल्या वेळी हे झालं. दुसऱ्या वेळी आजोबांनी घरीच तिचा मुका घेतला आणि ती हसत निघाली.

बॅगेत काय, आणि काय मुळीच नाही

निघताना ओटी भरतात. त्यातली खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नका. खोबऱ्यात तेल खूप असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते ना हातातल्या बॅगेत चालतं ना विमानाच्या पोटात जाणाऱ्या खालच्या. बॅग बाजूला काढून उघडायला लावतात. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या बॅगेत कधीच नको.

दुबई, सौदी, सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू आणि घरचा काळा मसाला तिन्ही घरीच ठेवा. बहिणीसाठी मसाला करताना मी खसखस वगळून वेगळा केला, चवीत फार फरक पडला नाही. उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) लेकरांसह जाणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंनाही मी हेच सांगितलं. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आखातात परवानगीशिवाय चालत नाहीत. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. बाळाची दुधाची पावडर आणि पॅकबंद बाळाहार दोन किलोपर्यंत चालतो. ऑस्ट्रेलियाला खाण्याचं काहीही नेत असाल तर कागदावर लिहून दाखवा. लपवलं तर मोठा दंड होतो.

लेकरांसाठी खाणं आपलंच उत्तम. प्रवासात मला सगळ्यात उपयोगी पडली ती दशमी. दुधात भिजवलेली, गूळ घातलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हातात धरून खाता येते आणि सांडत नाही. विमान उतरण्याआधी ती संपवायची. शिवाय राजगिऱ्याचे लाडू, मुरमुरे, आणि गरम पाणी घातलं की तयार होणारं भाजलेल्या रव्याचं किंवा नाचणीचं पीठ. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या लेकरांना देऊ नका, घशात अडकतात. हलत्या विमानात तर मुळीच नको.

हातातल्या बॅगेत द्रवाला १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, पण बाळाचं दूध, पाणी आणि पातळ खाणं प्रवासापुरतं नेऊ देतात. ते वेगळं काढून दाखवा. लंगोट वापरत असाल तर प्रवासाच्या आठ दिवस आधी डायपरची सवय लावा, पुरळ येतं का ते घरीच कळतं. हिशेब घरापासून घरापर्यंतच्या तासांचा करा. तीन तासांना एक आणि वर पाच. कपड्यांचे दोन जोड लेकराचे आणि एक वरचा कपडा तुमचाही. उलटी नेहमी आईच्या खांद्यावर होते.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातच ठेवा: तापाचं पॅरासिटामॉल, ओआरएस, नेहमीचं काही असेल तर ते. डोस वजनावर ठरतो, तो निघायच्या आठवड्यात वजन करून डॉक्टरांकडून लिहून घ्या. झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं सिरप देण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. कृपा करून ऐकू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सिरप चार वर्षांखाली देऊ नयेत, असं आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. त्याच भेटीत लसीही तपासून घ्या. गोवरची लस आपल्याकडे नऊ महिन्यांना देतात. त्याआधीच निघणार असाल तर तसं डॉक्टरांना सांगा. आफ्रिकेत जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाच्या लसीचं विचारावं. ती नऊ महिन्यांनंतर देतात आणि तिचा दाखला घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो.

निघण्याआधीचा पंधरवडा

थोरलीला भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय. विमानातलं भांडं उंच, जागा अंधारी, आणि फ्लशचा आवाज असा की मोठं माणूसही दचकतं. दुबईला जाताना ती घाबरली आणि विमान उतरेपर्यंत तिने लघवी रोखून धरली. दुसऱ्या वेळी आम्ही नात्यातल्या एका घरी जाऊन कमोडवर बसायचा सराव केला आणि आवाजाची गोष्ट आधीच सांगून ठेवली. गाडीत पट्टा बांधून अर्धा तास बसायचाही सराव करा.

चांदीचे वाळे, मनगट्या, कमरेची साखळी, ताईताची पेटी घरीच काढा. तपासणीच्या यंत्रात सगळं वाजतं, आणि रडणाऱ्या लेकराच्या पायातले वाळे तिथे निघत नाहीत. काळा दोरा राहू द्या, तो वाजत नाही. सोनं लेकराच्या अंगावर नको. खिशात एक कागद ठेवा: लेकराचं नाव, तुमचा आणि पोचायच्या ठिकाणचा नंबर देशाच्या कोडसह.

विमानतळावर आणि विमानात

तीन-चार तास आधी पोचा. घडी होणारी छोटी बाबागाडी बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. तिला काउंटरवर चिठ्ठी लावून घ्या. तपासणीला लेकरू झोळीतून, गाडीतून बाहेर काढावं लागतं. इमिग्रेशनला चेहरा दाखवावा लागतो, म्हणून त्याला त्याआधीच जागं करा, ऐन काउंटरवर उठवलेलं लेकरू फार चिडतं. सासूबाईंना मी एकच काम सांगितलं होतं: पासपोर्टची पिशवी गळ्यात, आणि ती कुणाच्याही हातात द्यायची नाही. त्यांनी ती झोपेतही सोडली नाही.

कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. गिळल्याने कान मोकळे होतात, आणि झोपलेलं लेकरू फारसं गिळत नाही. म्हणून उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी त्याला उठवा आणि अंगावर घ्या किंवा बाटली द्या. मोठ्याला घोट घोट पाणी द्या. सर्दी जोरात असेल किंवा कान फुटलेला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. विमानातली हवा आपल्या एप्रिलच्या दुपारपेक्षाही कोरडी असते, एरवीपेक्षा जास्त वेळा पाजा. ओठांना थोडं तूप लावा.

रडतंय म्हणून लाजू नका. उचला, मागच्या बाजूला स्वयंपाकाच्या कोपऱ्याजवळ जा, उभ्याने थोपटा. धाकटा चाळीस मिनिटं रडला. सासूबाईंनी त्याला खांद्यावर टाकलं आणि हळू आवाजात ओवी म्हणायला लागल्या, तेव्हा तो शांत झाला. शेजारच्या जर्मन बाईंनी नंतर त्यांना हातानेच खूण करून विचारलं, हे गाणं कोणतं?

पोचल्यावर

न्यायला येणाऱ्याला आठवडाभर आधी सांगा की गाडीत लेकराची सीट लागेल. आपल्याकडे लेकरू मांडीवर बसतं. जर्मनीत बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीटशिवाय गाडीत नेता येत नाही. दुबईतही चार वर्षांखालच्यांना ती सक्तीची आहे. टॅक्सी करणार असाल तर सीटसह मागवा.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, ते लेकरांना जाणवतही नाही. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. म्हणजे परभणीत सहाला उठणारं लेकरू तिथे रात्री अडीचला टक्क जागं होतं. तीन-चार दिवस असं चालतं. दिवसा उन्हात खेळवा, दुपारची झोप आखडती घ्या, आणि रात्री जागं झालं तर दिवे मोठे करू नका, मोबाइल देऊ नका. कुकर रात्री झोपण्याआधीच लावून ठेवा. पहिल्या तीन रात्री आमच्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात अडीच वाजता मंद दिव्यात दोन्ही लेकरं ओट्याशी बसून मऊ भात आणि मेतकूट खात होती, आणि पोट भरल्यावर चारला परत झोपत होती.